शिशाच्या शिपायांवरचा चिखल

१८३० साली विल्यम सिबोर्न या ब्रिटिश लेफ्टनंटवर वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी सोपवण्यात आली. गडी चिकाटीचा होता. बेल्जियममध्ये जाऊन ला हे सांत या शेतवाडीवर त्याने आठ महिने मुक्काम ठोकला, जमिनीचे चढउतार मोजले आणि मग लढाईत प्रत्यक्ष असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रूची कोणती फळी दिसत होती, हे प्रश्न अपेक्षितच होते. पण त्याने आणखी एक गोष्ट विचारली: तुम्ही उभे होतात त्या जागी शेतात पीक कोणते होते? १८१५च्या जून महिन्यातल्या एका रविवारी आपल्या बुटांखाली काय तुडवले गेले, हे दीड-दोन दशकांनंतर आठवून सांगायचे होते. अनेकांनी उत्तरे दिली. ती पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

१८३८ मध्ये ही प्रतिकृती लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांसाठी खुली झाली. मैलाला नऊ फूट हे तिचे प्रमाण. सेंटिमीटरभर उंचीचे, रंगवलेले, कथील-शिशाचे ७०,००० हून अधिक शिपाई तिच्यावर उभे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण दोन माणसांच्या वतीने उभा आहे. वेळ संध्याकाळी सव्वासातची. सरकारने पैसे मध्येच थांबवले होते, त्यामुळे सिबोर्न कर्जात रुतला होता. पण त्याहून मोठे दुखणे वेगळेच होते. त्याने जमवलेल्या पुराव्यानुसार त्या घटकेला प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने मैदानावर पोचलेले दिसत होते, आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ते पसंत नव्हते. विजयाचे श्रेय वाटले जात होते ना! अखेरीस सुमारे ४०,००० प्रशियन सैनिकांच्या वतीने उभे असलेले पुतळे प्रतिकृतीवरून उचलले गेले. यात दबाव किती आणि सिबोर्नचे स्वतःचे मतपरिवर्तन किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आज जी प्रतिकृती आहे ती या वजाबाकीनंतरची.

पिकाची जात विचारून खात्री करून घेतलेली, आणि चाळीस हजार माणसे गायब. सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांविषयी मी जे काही वाचले, पाहिले आणि स्वतःच्या हाताने रंगवले, त्या सगळ्याच्या मुळाशी मला हा प्रसंग दिसतो. या कलेत पृष्ठभागाचा खरेपणा अफाट असतो. तो खरेपणा आपल्याला कशाकडे पाहायला लावतो आणि कशावरून नजर हटवतो, हा माझा प्रश्न आहे. इतिहासाची किंवा चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. संध्याकाळी टेबलावर दिवा ओढून घेऊन, डोळ्याला भिंग लावून जे कळले त्याच्या भरवशावर हे लिहितो आहे.

खेळण्यातला शिपाई मुळात चकचकीत होता. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा आणि कडेचा थर गोठताच उरलेला लगेच बाहेर काढायचा. हातात राहते ते नुसते कवच. धातू कमी लागला, किंमत उतरली, आणि भरीव शिपाई विकणाऱ्या जर्मन कारखानदारांना घाम फुटला. ५४ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई उत्तर लंडनच्या कारखान्यात बायका रंगवत. लाल डगला, काळे बूट, गालावर गुलाबी ठिपका आणि सगळ्यावर एनॅमलची चकाकी. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून मोठ्या माणसांना जमिनीवर पालथे पडून या शिपायांशी कसे खेळायचे ते शिकवले. खेळातले युद्ध खऱ्या युद्धापेक्षा किती बरे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले.

त्या चकाकीला मी खोटे म्हणणार नाही. तिने खरेपणाचा दावाच केलेला नव्हता. आपल्याकडे दिवाळीत पोरे किल्ला करतात त्याची इथे आठवण होते. दगडमातीचा डोंगर, वर हळीव पेरलेले, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. शिवाजी महाराज सिंहासनावर, आणि किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच! त्यांना आत जायचे तर दरवाजा पाडावा लागेल. तोफेशेजारी वाघ, वाघाशेजारी डोक्यावर हंडा घेतलेली बाई. सगळे जण ओल्या मातीत पाय रोवून उभे असतात आणि एकाच्याही पायाला रंगवलेली माती नसते. कुणाला त्यात काही खटकत नाही, कारण तिथे प्रमाण ठरते ते मानाने. थोर माणूस मोठा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. फसवणूक शक्य होते ती पुतळ्याने ‘मी १:३५ आहे’ असे म्हटल्यापासून.

१:३५ हा आकडा कुठून आला, ते मात्र गमतीचे आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले. त्यात मोटर आणि बॅटरीचे सेल बसायला हवे होते. ते बसतील एवढा रणगाडा केला आणि नंतर मोजले तर प्रमाण साधारण १:३५ भरले. पुढे त्याच मापाचे सैनिक निघाले, इतर कंपन्यांनी तेच माप उचलले, आणि जगभरच्या हौशी लोकांचे दुसरे महायुद्ध बॅटरीच्या मापावर बेतले गेले.

याच प्लॅस्टिकच्या सैनिकांवर चिखल चढला. चिखल होताच, पण १९७०-८०च्या दशकांत त्याचे शास्त्र झाले. अमेरिकेत शेपर्ड पेनने डायोरामा म्हणजे पुतळ्यांतून गोष्ट सांगणे, ही कल्पना रुजवली. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिन्डेनने वॉश आणि ड्राय ब्रशिंग या जोडगोळीला घराघरांत नेले. नंतर स्पेनमधून मिगेल हिमेनेथसारखे लोक आले. त्यांनी गंज, धूळ आणि ओला चिखल बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. आज ‘वेदरिंग’ हा या छंदातला वेगळा विषय आहे. इंजिनाच्या तेलाचे डाग वेगळे, सांडलेल्या इंधनाचे वेगळे, आणि दोन्हींच्या बाटल्याही वेगळ्या.

हे का लागते, ते समजून घ्यायला हवे. पुतळा लहान करता येतो, प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या डगल्याच्या घडीत सावली साचते. तीच घडी १:३५ मध्ये मिलिमीटरभरही खोल नसते, आणि खोलीतला दिवा ती सहज उजळून टाकतो. पुतळा सपाट दिसतो. म्हणून सावली रंगवावी लागते. गडद रंग खूप पातळ करून सोडला की तो आपोआप खाचांत ओढला जातो, हा वॉश. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसून उरलेला नुसता उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात. हे ड्राय ब्रशिंग. कुणी आधी पुतळा काळा करून वरून पांढऱ्याचा फवारा मारतात, म्हणजे माथ्यावरचा सूर्य कुठे पोचतो आणि कुठे नाही याचा नकाशाच मिळतो. रंगसुद्धा थोडा फिकट घ्यावा लागतो. दूरच्या माणसाचे कपडे हवेमुळे फिके दिसतात, आणि छोटा पुतळा म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने दूरचाच माणूस. डोळ्यांचेही तसेच. बुबुळाभोवती पांढरे भरले की शिपाई भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो. एक तपकिरी रेघ ओढून सोडून दिली की माणूस वाटतो.

मातीही लहान होत नाही. अंगणातली माती उचलून लावली तर मिलिमीटरभर खडा या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, आणि शिपाई खडी फुटलेल्या रस्त्यावरून आल्यासारखा दिसतो. म्हणून पिगमेंटची पिठासारखी पूड लागते.

आणि चिखल कुठे? कसलेल्या हाताची ओळख इथे पटते. नवखा माणूस सगळीकडे सारखा चिखल थापतो. जाणता माणूस आधी ठरवतो की हा शिपाई गेल्या दोन तासांत काय करत होता. गुडघे टेकले असतील तर डाग गुडघ्यावर, आणि टेकणारा बहुधा एकच गुडघा टेकतो. रांगला असेल तर कोपरांवर. लांब कोट असेल तर त्याची खालची कड भिजून जड आणि गडद. वाळवंटातला असेल तर पाठीवर घाम सुकून उठलेल्या मिठाच्या पांढुरक्या रेषा. बंदुकीच्या दस्त्यावर जिथे हात पडतो तिथे मळ नसतो, उलट झिजून आलेली चमक असते. अशा पुतळ्यापुढे उभे राहिले की त्या माणसाचा दिवस वाचता येतो. चांगल्या कादंबरीकाराने पात्राच्या चपलांचे वर्णन करावे तसे हे काम असते, आणि ते मला मनापासून आवडते. पुढे जे म्हणायचे आहे ते या आवडीसकट म्हणायचे आहे.

थोडे खाकीबद्दल बोलतो. रंगवणाऱ्याला सर्वांत छळणारा रंग तो. ‘खाक’ म्हणजे फारसीत माती, धूळ. मराठीत आपण तो शब्द राखेवर आणून ठेवला. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने हा रंग वापरात आणला. ब्रिटिश सैनिक लाल डगल्यात शेवटचे लढले ते १८८५ मध्ये, सुदानमधल्या गिनिस इथे. म्हणजे लाल डगल्यावर पडलेली धूळ लपत नाही, आणि खाकी डगला हाच मुळी धुळीचा. धुळीवर धूळ दाखवायची कशी? एकच उपाय असतो: कापडाची खाकी किंचित हिरवट ठेवायची आणि धूळ पिवळट किंवा करडी घ्यायची, म्हणजे गडद-फिक्याने न होणारे काम ऊन-गार छटांनी होते. सैन्याने स्वतःच आपल्याला मातीच्या रंगात बुडवून घेतले, तेव्हा ते दिसेनासे व्हावे म्हणून. आपण मात्र भिंगाखाली त्याला पुन्हा दिसते करायला बसतो.

आता मूळ तक्रारीकडे. १:३५च्या कोणत्याही मोठ्या सूचीवरून नजर फिरवली तर जर्मन सैनिकांची आणि रणगाड्यांची गर्दी लगेच जाणवते. स्पर्धांच्या टेबलांवरही चित्र वेगळे नसते. यामागे साधे कारागिरीचे कारण आहे: जर्मन गणवेशांत वैविध्य फार. १९४४ मध्ये आलेला वाफेन-एसएसचा वाटाण्यासारख्या ठिपक्यांचा छद्मवेश पाच रंगांचा आहे. बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या पाठीवर, घडी जिथे वळते तिथे ठिपकाही वळवत हे उतरवणे म्हणजे या कलेतली अवघड तान. ती जमली की माणूस मान्यता पावतो. असे रंगवणारे बहुसंख्य लोक नाझी विचारांचे आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. ते रंगाचे वेडे आहेत. पण ज्या संघटनेला न्यूरेम्बर्गच्या न्यायालयाने गुन्हेगार ठरवले तिचा डगला सौंदर्याची कसोटी होऊन बसतो, याचा विचार रंगवणाऱ्याने करायचा नाही तर कुणी करायचा?

युद्धानंतर कित्येक वर्षे जर्मनीत एक समजूत जपली गेली. अत्याचार केले ते एसएसने. साधे सैन्य, म्हणजे वेरमाख्ट, स्वच्छ होते. इतिहासकार याला ‘स्वच्छ वेरमाख्ट’ची दंतकथा म्हणतात. १९९५ मध्ये हॅम्बुर्ग इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्चने भरवलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाने ती दंतकथा भर चौकात आणून फोडली. काही छायाचित्रांच्या ओळखीत चुका निघाल्या, १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घेऊन २००१ मध्ये दुरुस्त करून पुन्हा मांडले गेले, पण मूळ निष्कर्ष टिकला. आता या ‘स्वच्छ’ शब्दाशेजारी आपला मळलेला पुतळा ठेवून पाहा. रशियाच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतलेला, दाढी वाढलेला, थकलेला जर्मन शिपाई. त्याच्या अंगावरचा प्रत्येक डाग निसर्गाने टाकलेला असतो: पाऊस, बर्फ, धूळ, गंज. माणसाने माणसाला केलेल्या कशाचाही डाग त्यावर नसतो. मळ जितका खरा, तितकी त्याच्याविषयी कणव दाटते. आणि तो त्या गावात कशासाठी आला होता, हा प्रश्न तितकाच मागे पडतो. वेदरिंग या शब्दात नुसते हवामानच आहे.

याच्या उलट टोकाला एक काम झाले. जेक आणि डायनोस चॅपमन या ब्रिटिश कलावंत भावांनी १९९९-२००० मध्ये ‘हेल’ नावाची कलाकृती केली. स्वस्तिकाच्या आकारात मांडलेल्या नऊ काचपेट्या, आणि त्यांत हजारो छोटे, हाताने रंगवलेले नाझी सैनिक एकमेकांच्या आणि विचित्र प्राण्यांच्या हातून अनंत छळ सोसताहेत. तंत्र तेच, छंदाच्या टेबलावरचे. २००४ मध्ये लंडनच्या एका गोदामाला आग लागून ती जळाली. मग भावांनी ती आणखी मोठी करून पुन्हा उभी केली. मला ती पूर्णपणे पटत नाही. संख्या इतकी प्रचंड की थोड्या वेळाने डोळा बधिर होतो आणि छळ हाही नुसता पोत उरतो. पण रंगवलेल्या छोट्या सैनिकाला गुन्ह्याच्या जागी उभे करता येते एवढे तिने दाखवले, हे मान्य केले पाहिजे.

सिबोर्नच्या टेबलावरून पुतळे उचलले गेले होते. आजच्या टेबलांवर काही पुतळे मुळातच ठेवले गेलेले नाहीत. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतल्या दोघांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या तिबर खोऱ्यातल्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर केलेल्या पराक्रमासाठी. त्या मोहिमेतल्या जर्मन छत्रीसैनिकांचे संच पैशाला पासरी. भारतीय पायदळाचे मात्र शोधावे लागतात. मी जाधवांचा पुतळा करायला घेतला तेव्हा ब्रिटिश पायदळाच्या संचातला एक शिपाई घेऊन त्याचे डोके बदलले, आणि चेहरा रंगवायला बसलो.

रंगांची बाटली या वादात साक्षीदार म्हणून उभी करता येईल. हंब्रॉलचा ६१ क्रमांकाचा रंग: नाव ‘फ्लेश’. तामियाचा एक्सएफ-१५: नाव ‘फ्लॅट फ्लेश’. दोन्ही गुलाबीसर. मांस, कातडी, माणूस म्हणजे हा रंग, असे बाटलीच सांगते. आपला रंग हवा तर तो मिसळून काढायचा. गोऱ्या चेहऱ्याचे सगळे धडे इथे उलटे पडतात. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळायला पांढरा मिसळला की सावळ्या कातडीवर राखेची कळा येते, माणूस आजारी दिसतो. पांढऱ्याऐवजी पिवळी माती आणि थोडी नारिंगी घ्यावी लागते. सावलीला काळा चालत नाही. जळकी तपकिरी आणि कणभर गडद लाल. ओठ गुलाबी नव्हेत, चेहऱ्यापेक्षा जरा जांभळट. दाढीची निळसर छाया गोऱ्या गालावर शोभते, इथे ती हिरवट-करड्याकडे झुकवावी लागते. माझ्या हाताशी असलेल्या इंग्रजी पुस्तकांत गोऱ्या चेहऱ्यासाठी पानेच्या पाने आहेत आणि यासाठी फार तर एखादा परिच्छेद. मी आरशात पाहून आणि स्वतःच्या मनगटाशी रंग ताडून काम केले.

मग चिखल. जाधवांच्या मानपत्रात प्रसंगाचा तपशील आहे, आणि सिबोर्नला हवी असायची तशीच ती माहिती आहे. ते कंपनीचे निरोप्या होते. नदी ओलांडताना बरोबरचे बहुतेक जण पडले. एका जखमीला उचलून ते खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे घेऊन आले. पुन्हा जाऊन दुसऱ्याला आणले. मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा ती फेकून हातबॉम्ब वापरले. ठाणी शांत झाल्यावर बांधाच्या माथ्यावर चढून, मॉर्टरचा मारा चालू असताना, मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या तुकड्यांना पुढे बोलावले.

खोल पाणी, म्हणजे छातीपर्यंत तरी कापड भिजलेले. भिजलेली लोकर जवळजवळ दुप्पट गडद दिसते आणि तिच्यावर धूळ बसत नाही. म्हणून पाण्याची रेघ आधी ठरवली आणि तिच्या खाली एकही कोरडी छटा येऊ दिली नाही. बांधाचा चिखल निसरडा होता, तेव्हा तो गुडघ्यांवर आणि पंजांवर ओला, चकचकीत वार्निशाखाली. खांद्यावर मात्र वेगळा डाग घ्यावा लागला. तिथे दुसऱ्या माणसाचे अंग टेकले होते. तो चिखलाचा नाही, आणि विकत मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीवर त्याचे नाव नाही. जळकी तपकिरी, थोडा किरमिजी, आणि पाण्याने धुऊन फिकट होत पाठीकडे ओघळलेला. हात रिकामा ठेवला, कारण बंदूक फेकून दिलेली आहे. तोंड उघडे असलेले डोके मिळवायला चार महिने लागले. जे मिळाले ते एका जर्मन अधिकाऱ्याच्या संचातले होते, आज्ञा देणारे. त्याची टोपी कापून काढली, गालफडे घासून थोडी भरीव केली आणि मिशी पुट्टीने बसवली. त्या दोन जखमींचे पुतळे अजून व्हायचे आहेत.